वापरात नसलेलं नाव

सोनचाफ्याचं काम जमलं तर नंदू वायंगणकरच्या पदरात नेमकं काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. कंपनीत दहा टक्के भाग. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यावर एक पोटमाळा, त्याला वेगळा जिना आणि वेगळा नळ. म्हणजे थोरल्या भावाच्या खोलीत पडदा लावून केलेला अर्धा संसार उचलायचा आणि बायकोला घेऊन तिथे जायचं. आणि दारावरच्या पाटीत, खालच्या ओळीत का होईना, 'सेक्रेटरी' या शब्दाशेजारी स्वतःचं नाव. याच्या बदल्यात त्याला पैसे घालायचे नव्हते, रबराच्या भट्टीजवळ उभं राहायचं नव्हतं. फक्त एवढंच सांगायचं होतं, की नाव मोकळं आहे.

आणि हे सांगण्यात अंधेरी पूर्वेला नंदूचा हात धरणारा कुणी नव्हता. एका चार्टर्ड अकाउंटंटच्या कचेरीत अकरा वर्षं कारकुनी करताना त्याने कंपन्यांच्या नावांचंच काम अंगावर घेतलं होतं. सरकारकडे अर्ज टाकायच्या आधी तो स्वतःची एक चाळणी लावायचा. टेलिफोन डिरेक्टरी पहिल्या पानापासून बघायची. वॉर्ड ऑफिसातल्या शिपायाला चहा पाजून दुकानांच्या लायसनचं रजिस्टर चाळायचं. मग स्टेशनपासून मरोळ नाक्यापर्यंत एका फुटपाथने जायचं आणि दुसऱ्याने परत यायचं, मान वर करून, पाट्या वाचत. या फेरीत तो दोनदा सायकलवाल्यांना आणि एकदा म्हशीला धडकला होता. पण चाळणीतून पार झालेलं नाव सरकारने अडवलं, असं अकरा वर्षांत दोनदाच झालं, आणि दोन्ही वेळा, नंदूच्या मते, चूक सरकारची होती.

अर्जात तीन नावं द्यायची असत, पसंतीच्या क्रमाने. पहिलं गिऱ्हाइकाच्या मनातलं. दुसरं त्याच्या बायकोच्या मनातलं. तिसऱ्याला या धंद्यातले लोक 'भरती' म्हणत. रकाना रिकामा दिसू नये म्हणून कारकुनाने खुर्चीत बसल्या बसल्या बनवलेलं काहीतरी. त्याच्याकडे पुढे कुणी ढुंकून बघत नसे.

विद्याधर कोचरेकर नंदूच्याच गावचा, एका रबर कारखान्यात पंधरा वर्षं फोरमन. चौऱ्याऐंशी सालच्या दिवाळीत त्याने ठरवलं, की आता प्रेशर कुकरच्या रिंगा आपणच बनवायच्या. वसाहतीत गाळा मंजूर झाला होता. नावही ठरलं होतं.

"सोनचाफा," विद्याधर म्हणाला.

"रबराला? अरे, त्या रिंगेचा वास घेतलायस कधी?"

"मेल्या, म्हणूनच ना! निदान नावाने तरी सुगंध येऊ दे."

दुसरं नाव त्याच्या बायकोने, उत्तरावहिनीने सुचवलं, सोनटक्का. तिसऱ्या रकान्यात नंदूने पेनाचं टोपण चावत, समोरच्या भिंतीवरच्या पालीकडे बघत लिहिलं: टिंबरोळ. त्याला काही अर्थ नव्हता. त्याला स्वतःलाच हसू आलं.

चाळणीला सहा दिवस लागले. सोनचाफा नावाचं काही म्हणजे काहीच सापडलं नाही, एक खानावळ सोडली तर, आणि तीही बंद पडलेली. नंदूने विद्याधरला सांगितलं, "नाव मोकळं आहे. छाप."

सरकारी उत्तराची वाट बघायला हवी होती हे त्यालाही कळत होतं. पण विद्याधरला घाई होती, आणि नंदूला आपल्या चाळणीचा अभिमान होता. अभिमानाला घाई भेटली की काय होतं ते पुढे दिसतंच. लोखंडी साच्यांवर 'सोनचाफा' कोरून घेतलं गेलं, म्हणजे प्रत्येक रिंगेवर ते उठून येणार. वीस हजार खोकी छापून आली. आणि डिसेंबर संपता संपता नंदूने कचेरीतली नोकरी सोडली. कंपनीचा होणारा सेक्रेटरी दुसऱ्याच्या टेबलाशी कारकून म्हणून कसा बसणार?

गाळ्याच्या पत्रात एकच अट होती. एकतीस मार्चच्या आत कंपनीची नोंदणी दाखवायची, नाहीतर गाळा यादीतल्या पुढच्या माणसाला.

उत्तर चार मार्चला आलं. तिन्ही नावं नामंजूर. तिन्ही एकाच व्यापारी पेढीच्या आधीपासून असलेल्या नावांशी मिळतीजुळती. मेसर्स यथानाम अँड कंपनी, देवनार. त्यांचं ना-हरकत पत्र आणल्यास विचार होऊ शकेल.

"तिन्ही?" विद्याधर ओरडला. "नंद्या, वाट लागली रे! साच्यांचं काय लोणचं घालू आता?"

नंदू पत्राकडे बघत होता. सोनचाफा कुणाचं तरी असू शकतं. सोनटक्काही. फुलांची नावं काय, कुणीही ठेवतो.

"टिंबरोळ कसं असेल?" तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही. देवनारला जाऊन येतो."

बुधवारी सकाळी अकराला तो देवनारला बसमधून उतरला. डम्पिंगच्या कचऱ्याच्या डोंगरावर घारी फिरत होत्या आणि वाऱ्याबरोबर तो वास येत होता, जो पहिल्यांदा नाकात बसतो आणि मग शर्टात. नंदूने रुमाल नाकाला लावला. रस्त्यावर भंगारवाले, टायरवाले, एक बर्फाचा कारखाना, बकऱ्यांचा एक कळप, आणि सवयीने त्याने सगळ्या पाट्या वाचल्या. पत्त्यावरची पत्र्याची शेड मोठी होती, नुकतीच रंगवलेली. अख्ख्या रस्त्यावर पाटी नसलेलं तेवढं एकच दार होतं.

आत पाऊल टाकलं आणि वास थांबला. कमी झाला असं नव्हे. उंबऱ्याशी थांबला, चप्पल काढून ठेवावी तसा.

टेबलाशी पन्नाशीची एक चष्मेवाली बाई भाजलेले शेंगदाणे खात बसली होती. सालं तळहातावर घेऊन ती अगदी मन लावून फुंकर मारायची.

"या, या. सोनचाफा ना? बसा. चहा सांगू?"

"तुम्हाला कसं...?"

"अहो, कागद येतात आमच्याकडे."

सरकारी कचेरीने नक्कल पाठवली असणार, असं नंदूने स्वतःला समजावलं. त्या कचेरीने अकरा वर्षांत कुणाला कसलीही नक्कल आपणहून पाठवली नव्हती, ही गोष्ट त्याने तूर्त बाजूला ठेवली.

"बाई, आपलं नाव काय?"

ती मनापासून हसली. "इथे एवढी पडलीत. त्यातलं कुठलं सांगू?"

एवढी म्हणजे खरोखरच एवढी होती. शेडमध्ये छताला भिडणाऱ्या लाकडी मांडण्यांच्या रांगा होत्या आणि त्यांवर पाट्या. दुकानांच्या, पेढ्यांच्या, दवाखान्यांच्या, शिवणक्लासच्या. जुन्या पाट्यांचा व्यापार, नंदूने मनात नोंद केली. होऊ शकतो. मुंबईत नखांचाही व्यापार होऊ शकतो.

"सोनचाफा असेल तुमचं," तो म्हणाला, "पण टिंबरोळ मी बनवलंय. माझ्या टेबलाशी बसून. पाल बघत."

"सगळ्यांना तसंच वाटतं हो." बाई उठली, तिसऱ्या रांगेतून एक पत्र्याची पाटी काढून आणली आणि पदराने पुसून टेबलावर ठेवली. टिंबरोळ अँड सन्स, तंबाखूचे घाऊक व्यापारी. निळ्यावर पांढरी अक्षरं. कोपऱ्याचा टवका उडालेला, खिळ्यांच्या भोकांभोवती गंज.

नंदूने गंजावरून बोट फिरवलं. तो बोटाला लागला.

"बरं," बोट रुमालाला पुसत तो म्हणाला, "ना-हरकत पत्राचे किती?"

"पैसे आम्ही घेत नाही."

मुंबईत पैसे नको म्हणणारा माणूस पुढे काय मागतो याची नंदूला चांगली माहिती होती. इथे मात्र त्याचा अंदाज बसेना.

"नावाला नाव," बाई म्हणाली. "तुम्ही सोनचाफा नेणार, तर जागा रिकामी होते. तिथे दुसरं ठेवून जायचं. अटी सोप्या आहेत. खरंखुरं असलं पाहिजे, कुणीतरी कधीतरी त्याला ओ दिलेली असली पाहिजे. आज वापरात नसलं पाहिजे. आणि देणाऱ्याचा त्यावर हक्क पाहिजे."

"बस? एवढंच?"

"एवढंच. शेंगदाणे घ्या."

नंदूने शेंगदाणे घेतले. वापरात नसलेलं नाव! रद्दी देऊन भांडं घेण्यासारखा सौदा. त्याने जागच्या जागी एक भरती बनवून सांगितली. बाईने बाजूचं जाडजूड रजिस्टर उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं, रजिस्टर मिटलं.

"हे आहे आमच्याकडे. आणि तुम्ही आत्ता बनवलंत ते. असं नका करू."

"बरं. बाबल्या. मला लहानपणी म्हणायचे."

"तुमच्या आई गावाहून पत्रात अजून तेच लिहितात."

नंदूचा घास थांबला. आई लिहीत होती खरी. कुठल्या आईला मुलगा मोठा झालेला दिसतो, हे कुणीही ओळखेल, असं म्हणून त्याने घास गिळला.

"मग आमचे वडील घ्या. धाकू. गिरणीत होते, वारून सात वर्षं झाली. आता तर काही..."

"सही कशी करता तुम्ही?"

"नंदकुमार धाकू वायंगणकर."

"मग? रोज वापरता की. मेलेल्या बापाचं नाव मराठी माणसाकडून मिळणं कठीण, बघा. जन्मभर पाठीशी लावून फिरता." ती हे अगदी कौतुकाने म्हणाली.

नंदू उठून मांडण्यांमधून फिरू लागला. त्याला विचार करताना चालावं लागे. पुढच्या रांगांत दुकानांच्या पाट्या, मागे गेलं की पितळी दारपाट्या, त्यांच्या मागे शाळेच्या दगडी पाट्या. आणि सगळ्यात मागे, भिंतीपर्यंत, स्टीलची भांडी. पेले, ताटल्या, कळशा, डबे. लग्नात अहेर म्हणून देतात तशी, कडेला बारीक टिंबांनी नावं घातलेली. शेकडो. जवळजवळ सगळी बायकांची. उन्हाची एक तिरीप त्यांच्यावर पडली होती आणि भांडी लखलखत होती. धूळ कुठेच नव्हती.

आणि तिथे नंदूला सुचलं. सुचलं तेव्हा तो स्वतःशीच हसला, इतकं ते स्वस्त होतं.

त्याची बायको नलिनी मनोरीची, पुतळाबाई कोळणीची एकुलती लेक. एका बंगलेवाल्याचे कागद करायला नंदू मनोरीला गेला होता आणि कागदांपेक्षा जास्त दिवस राहिला होता. लग्नाला त्याची आई कशीबशी तयार झाली, ती एका अटीवर. सुनेचं नाव बदलायचं. तशी चालही होती. ताटातल्या तांदळांत अंगठीने नंदूने स्वतः 'नलिनी' लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि जुनं नाव त्या तांदळांखाली गेलं ते गेलंच. नऊ वर्षं झाली. बदललं त्याने. म्हणजे हक्क त्याचा.

तो टेबलाशी परत आला आणि नाव सांगितलं.

बाईचं बोट रजिस्टरमधून हळूहळू खाली गेलं. थांबलं.

"मोकळं आहे," ती म्हणाली. तिने नंदूसमोर एक छापील कागद सरकवला. "इथे नाव लिहायचं. खाली प्रतिज्ञा आहे, ती वाचून सही."

प्रतिज्ञा एका ओळीची होती. वरील नाव आजमितीस कोणीही, कोठेही वापरत नाही.

नंदूचं पेन थांबलं.

मनोरीला पुतळाबाई होती. लेक यायची असली की ती धक्क्यावर येऊन उभी राही आणि होडी टेकायच्या आधीच हाक मारी, होडीतल्या सगळ्यांनी माना वळवाव्यात अशी. तिने 'नलिनी' कधीच तोंडात घेतलं नव्हतं. पण ती किती वेळा? गणपती, दिवाळी, शिमगा, नारळी पुनव. एक माणूस, वर्षाला चार हाका. हिशेबात धरण्याजोगं नव्हतं.

"कुणी वापरत नाही ना?" बाईने विचारलं. चष्म्यावरून तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं.

"नाही," नंदू म्हणाला.

"कुणीच?"

"कुणीच नाही हो."

त्याने लिहिलं: मथुरा. आणि खाली सही केली, बापाच्या नावासकट.

बाईने कागदावर शाई टिपली, शिक्का मारला आणि ना-हरकत पत्र टंकून दिलं. जाताना तिने शेंगदाण्यांची पुडीही बांधून दिली, घरच्यांसाठी.

पुढचं सगळं लोण्यातून सुरी जावी तसं झालं. सोनचाफा पाच दिवसांत मंजूर. अठ्ठावीस मार्चला नोंदणीचा दाखला हातात. विद्याधरने वसाहतीतल्या वॉचमनपासून इन्स्पेक्टरपर्यंत सगळ्यांना पेढे वाटले आणि नंदूला मिठी मारताना म्हणाला, "झकास रे! देवनारवाल्यांना काय चारलंस सांग ना."

"काही नाही. फुकटात."

"तुझ्या जिभेला हाड नाही. पण चाळणी जबरदस्त!"

एप्रिलच्या पहिल्या रविवारी पोटमाळ्यावर संसार आला. खाली भट्टी, त्यामुळे जमीन तापायची, आणि सोनचाफ्याच्या नावाने जळक्या रबराचा वास वर यायचा. पण नळ स्वतःचा होता. नलिनी तो उगाचच उघडून बघायची. गाणं गुणगुणत ती भांडी फळीवर लावत होती.

"अहो," ती म्हणाली, "ही कळशी कुणाची आली आपल्याकडे?"

"आपलीच. लग्नातली."

"बघा तर. 'हिस मामाकडून सप्रेम भेट.' कुणास, तेच नाही. मामा भलताच विसराळू!" आणि ती हसत सुटली.

नंदूने कळशी उजेडात धरली. 'हिस'च्या आधी बोटभर जागा होती. तिथे स्टील अगदी गुळगुळीत होतं. घासल्याची खूण नाही, ओरखडा नाही. तिथे काहीतरी होतं हे त्याला पक्कं आठवत होतं. काय होतं, ते त्याने उच्चारायला तोंड उघडलं.

आणि उघडंच राहिलं.

तो बाकीचं सगळं आठवू शकत होता. मनोरी, होडी, पुतळाबाई, देवनार, रजिस्टर, स्वतःची सही. सहीच्या वरची जागा तेवढी पांढरी होती. रात्री अंथरुणात पडून त्याने मुळाक्षरं म्हणून पाहिली, 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत, प्रत्येक अक्षरापाशी थांबत. कुठल्याही अक्षराने ओ दिली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने ट्रंकेतून लग्नाची पत्रिका काढली. 'चि. सौ. कां.' आणि मग कोरी जागा. तिच्यापुढे मजकूर ठीकठाक चालू. छापखान्यात जुळाऱ्याकडून अक्षरांचे खिळे पडले असतील, नंदूने मनाशी म्हटलं. मग त्याने ट्रंकेच्या तळातल्या उरलेल्या पत्रिका काढल्या. सतरा होत्या. सतराही पत्रिकांत तेवढीच जागा.

नलिनी पोळ्या लाटत होती.

"नले," तो सहज विचारल्यासारखं म्हणाला, "लग्नाआधी तुला काय म्हणायचे गं?"

"लग्नाआधी?" लाटणं थांबलं. तिने खरोखर विचार केला, पत्ता विचारणाऱ्या माणसाला मदत करावी तसा. मग हसून पोळी तव्यावर टाकली. "लग्नाआधी मी कुठे होते?"

"मनोरीला. तुझ्या आईकडे."

"काहीतरीच तुमचं," ती म्हणाली. "पोळी गरम आहे तोवर बसा."

नंदू त्याच दुपारी देवनारला गेला. शेड जागेवर होती. बाई होती, शेंगदाणे होते, आणि तिला त्याला बघून आनंदच झाला.

"परत हवंय? द्या की दुसरं, बदलून देते. आमची काही हरकत नसते. कुठलं होतं?"

नंदूने रजिस्टराकडे बोट दाखवलं.

"नाव सांगा ना," बाई म्हणाली. "नावाशिवाय कसं शोधू मी?"

"तुमच्या रजिस्टरात माझी सही असेल. तारीख असेल."

"सह्यांवर नाही हो आमचं काम. नावांवर असतं." तिला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "असं करा, तुम्हीच बघा शोधून. मागे, भांड्यांत. घाई नाही."

त्याने दोन तास शोधलं. पाट्या वाचणं हे तर त्याचंच काम. खालच्या फळीपासून वरच्या फळीपर्यंत, प्रत्येक पेला फिरवून, प्रत्येक कळशी उजेडाला धरून त्याने वाचलं. यमुना, ठकू, सुगंधा, भीमा, मथुरा, राधा, कुंदा, बायजा. एकाही नावापाशी मनात काही हललं नाही. बाहेर आला तेव्हा त्याच्या बोटांना स्टीलचा वास येत होता.

आता एकच माणूस उरलं होतं. हिशेबात न धरलेलं.

रविवारी तो नलिनीला म्हणाला, चल, मनोरीला जाऊ, ताजे मासे आणू. ती लगेच तयार झाली. मार्व्याच्या धक्क्यावर तिने होडी बघून लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या. "मी पहिल्यांदाच बसतेय होडीत," ती शेजारच्या बाईला म्हणाली. आणि होडी हलली तेव्हा फळीला न धरता, पाय किंचित फाकवून, ती जराही तोल न जाऊ देता उभी राहिली.

खाडी भरतीची होती. ऊन छान पडलं होतं. पलीकडे काठावर बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या ओळी दिसू लागल्या, मग धक्का, मग धक्क्याच्या कडेला टोपली घेऊन बसलेली पुतळाबाई.

नंदू पुढच्या टोकाला जाऊन उभा राहिला. तिने फक्त हाक मारावी. एकदा. ती जे ओरडेल ते तो हातावर लिहून घेणार होता. पेन त्याने हातात उघडून धरलं होतं.

होडी जवळ आली. पुतळाबाईने डोळ्यांवर हात धरून होडीकडे बघितलं. तिची नजर नंदूवरून गेली, नलिनीवर आली, थोडी थांबली.

होडी टेकली. कुणी ओरडलं नाही.

"ये गो बय," पुतळाबाई म्हणाली, सगळ्याच गिऱ्हाइकांना म्हणते तशी. "ताजा म्हावरा हाय. हात लावून बग."

"आई," नंदू म्हणाला. "आई, ही... ही तुमची..."

दोघींनी त्याच्याकडे बघितलं. दोघींच्या हनुवट्या एकाच बाजूला कलल्या.

"कोन रं हा?" पुतळाबाईने नलिनीला विचारलं. "उन्हान् फिरला काय?"

"आमचेच आहेत," नलिनी हसत म्हणाली. "होडी लागली असेल त्यांना. पापलेट कसं दिलंत?"

"जोडी बावीस."

"अठरा."

"अठराला शेपटी येल. पोरी, तू कंची गो? घासाघीस बरी करतंस."

"मरोळची. वीस. बघा, नाहीतर चालले."

"घे बय, घे. तुला नाय म्हनवत नाय."

पुतळाबाईने पापलेटं पानात बांधली. नंदूने घाईने खिशात हात घातला.

"राहू दे हो, माझ्याकडे आहेत," नलिनी म्हणाली.

तर आता हिशेब. विद्याधरला सोनचाफा मिळाला. नंदूला दहा टक्के, पोटमाळा आणि पाटीतली खालची ओळ. देवनारच्या बाईला हवं ते मिळालं. नऊ वर्षांत पुतळाबाईने लेकीला रिकाम्या हाताने पाठवलं नव्हतं, आणि तिच्याकडून कधी एक पैसाही घेतला नव्हता. त्या दिवशी तिने दहाच्या दोन नोटा घेतल्या, उजेडात धरून पाहिल्या आणि कमरेच्या पिशवीत खोचल्या.

पैसे नलिनीने दिले.